हरळीचं लॉन किती उंचीवर कापावं? मदत हवी आहे

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयासमोर दोनेक गुंठे हरळी आहे. भारी काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे जमीन उंचसखल. मशीन पेट्रोलचं, फिरत्या पात्याचं. उंची २५ ते ७५ मिमी.

२५ वर कापलं तर उंचवट्यांवर पातं थेट बुडाला लागतं, पिवळे चट्टे पडतात आणि तिथे गाजरगवत डोकं काढतं. ५० वर दिसायला छान, पण हरळी आतून काड्यांची होते; नंतर थोडं खाली आणलं की सगळं वाळलेलंच दिसतं. पात्याला धार आहे, चारही चाकं एकाच खाचेत आहेत, ओलं गवत कापत नाही, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त छाटत नाही.

रोलरवालं रील मशीन (गोल फिरणाऱ्या दंडगोलावरच्या पात्यांनी कात्रीसारखं कापणारं) परवडणार नाही. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदाच कापणं जमतं, मे महिन्यात पाणीही आठवड्याला एकदाच. मुलं तिथेच बसून अभ्यास करतात, म्हणून हे लॉन टिकावं असं मनापासून वाटतं.

विदर्भात काळ्या मातीवर हरळी सांभाळणाऱ्यांनी सांगावं: पावसाळ्यात ३५ ते ४० ठेवून नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ५० च्या वर न्यावं का? आणि काड्या काढायला एकदा खोल कापायचं, तर ते पहिल्या पावसाआधी की नंतर?