मदत हवी आहे: एनपीएन १४०% दाखवतंय, पीआय मात्र ढिम्म

नमस्कार मंडळी,

प्रोजेक्टसाठी एक कुमारिन-संयुग ई. कोलायच्या मेम्ब्रेनला (याला बाहेरचं आणि आतलं अशी दोन असतात) काय करतं ते मोजतोय. एमआयसी (वाढ थांबवणारं सर्वात कमी प्रमाण) ३२ मायक्रोग्रॅम/मिली. लॉग फेजमधल्या पेशी धुऊन ५ मिलिमोलर हेपीस बफरमध्ये (पीएच ७.२) ओडी (गढूळपणा) ०.५ ला आणतो, त्यात १० मायक्रोमोलर एनपीएन (बाहेरचं मेम्ब्रेन फुटलं की लिपिडमध्ये शिरून चमकणारा डाय). एक्सायटेशन ३५०, एमिशन ४२० नॅनोमीटर. १० मायक्रोग्रॅम/मिली पॉलिमिक्सिन बीला (बाहेरचं मेम्ब्रेन फोडणारं अँटिबायोटिक) मिळालेलं रीडिंग १००% धरलंय.

त्या हिशेबाने माझं संयुग १४०% येतंय! पहिल्या दिवशी खूश झालो, दुसऱ्या दिवशी धास्तावलो. कारण प्रोपिडियम आयोडाइड (पीआय, आतलं मेम्ब्रेन फुटलं की डीएनएला चिकटून लाल चमकणारा डाय) अर्ध्या तासानंतरही जागचं हलत नाही. ७०% इथेनॉलने मारलेल्या पेशी मात्र झकास लाल दिसतात, म्हणजे डाय बिघडलेला नाही. संयुग विरघळवायचं डीएमएसओ सगळ्या वेल्समध्ये सारखाच, १%.

'बाहेरचं मेम्ब्रेन फुटतं, आतलं शाबूत राहतं' असं लिहून टाकू का?

प्रतिसाद १

थांब, इतक्यात लिहू नकोस. बरीच कुमारिनं ३५०च्या आसपास प्रकाश शोषून स्वतःच निळी चमकतात. पॉलिमिक्सिनच्या वर आकडा गेला तिथेच शंका यायला हवी होती. एनपीएन न घालता पेशी + संयुग असा ब्लँक लाव. नुसत्या बफरमधला ब्लँक पुरणार नाही, कारण लिपिडमध्ये शिरल्यावर संयुगाची चमक बदलू शकते. शिवाय ते ३५०चा प्रकाश खात असेल तर एनपीएनचं रीडिंग उलट कमी येईल, म्हणून नुसत्या वजाबाकीवरही फार विसंबू नकोस.

प्रतिसाद २

पीआय सपाट म्हणजे आतलं मेम्ब्रेन ठणठणीत, असंही नाही. पीआय आत जायला बऱ्यापैकी मोठं भोक लागतं. आयन त्याआधीच गळू शकतात. त्यासाठी मेम्ब्रेन पोटेन्शियल (आतल्या मेम्ब्रेनवरचा विद्युतदाब) दाखवणारा डाय डायएससी३(५) बघ, तो ६२२/६७० ला वाचतात, निळ्यापासून लांब. आणि संयुग मेम्ब्रेनला हातही लावत नसेल, हीही शक्यता धर. नोव्होबायोसिन हे अँटिबायोटिक कुमारिनच आहे, ते डीएनए गायरेज हे एन्झाइम अडवतं.

बाहेरच्या मेम्ब्रेनसाठी मी असतो तर नायट्रोसेफिन वापरलं असतं. बाहेरचं मेम्ब्रेन फुटलं की ते आत शिरतं, तिथलं बीटा-लॅक्टमेज (अँपिसिलिनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम) त्याला तोडतं आणि पिवळ्याचं लाल होतं, ४८६ला वाचायचं.

मूळ लेखक

ब्लँक लावला. एनपीएन नसतानाच ११५%! दोन आठवडे मी संयुगाचाच उजेड मोजत बसलो होतो. 🤦

नायट्रोसेफिनसाठी आमचा प्लास्मिडवाला अँपिसिलिन-रेझिस्टंट ई. कोलाय चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, त्याचं बीटा-लॅक्टमेज पेरिप्लाझममध्येच (दोन मेम्ब्रेनमधल्या जागेत) असतं. पण त्या स्ट्रेनवर एमआयसी नव्याने काढ. पेशी खाली बसवून वरच्या द्रवातही नायट्रोसेफिन टाकून बघ. तिथे रंग आला तर एन्झाइमच बाहेर गळतंय. आणि फोडलेल्या पेशींवर संयुग टाकून ते एन्झाइमलाच अडवत नाही ना, तेवढं तपास.