टेक्सास: १९ वर्षांच्या भाच्याला दारू बाळगल्याचं तिकीट, कबूल करून दंड भरावा का?

मृद्गंध
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. भाचा टेक्सासमध्ये शिकतो, वय १९, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा. शनिवारी रात्री मित्राच्या गाडीतून येताना पोलिसांनी थांबवलं. मागच्या सीटवर, ह्याच्या पायाशी बिअरचा खोका, सीलसुद्धा फोडलेलं नाही. बिअर घेतली गाडी चालवणाऱ्या मित्राने, तो २२ चा. भाचा प्यायलेला नव्हता, तरी तिकीट, म्हणजे कोर्टाच्या तारखेची पोलिसांची नोटीस, ह्याच्याच हातात! म्हणतो, "मावशी, तारखेला जाऊन कबूल करतो, दंड भरतो, विषय संपला." माझं मन धजावत नाही. आणि १९ वर्षांचा मुलगा अल्पवयीन कसा?

रानवारा
ताई, भरून टाकू दे. पार्किंगच्या दंडासारखंच असतं हे.

सांजवेळ
नाही हो, तसं मुळीच नाही. ताई, त्याला आजच फोन करून थांबवा. मी टेक्सासमध्ये फौजदारी वकिलांच्या ऑफिसात काम करते. स्वतः वकील नाही, पण अशी तिकिटं सतत हाताखालून जातात.

वयाचं आधी. इतर बाबतीत तो सज्ञानच आहे, पण दारूच्या कायद्यात २१ च्या आतला प्रत्येक जण 'मायनर'. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने ही मर्यादा न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्गनिधी कापायचं ठरवलं, म्हणून सगळी राज्यं २१ वर आली. अपवाद मात्र राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये आई-वडील डोळ्यांसमोर असतील तर चालतं, मित्र २२ चा असून उपयोग नाही.

प्यायला नव्हता, सील शाबूत होतं, हे इथे कामाचं नाही. पिणं हा वेगळा गुन्हा आहे. बाळगण्यासाठी वस्तू हातातच असावी लागत नाही, ती ताब्यात किंवा नियंत्रणात असली तरी पुरते. पण नुसतं जवळ बसणंही पुरेसं नाही. खोका तिथे आहे हे त्याला माहीत होतं आणि त्यावर त्याचा ताबा होता, हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. गाडी कुणाची, पैसे कुणाच्या कार्डावरून गेले, पावती आहे का, ह्यावर खरी केस उभी आहे. त्याने मित्राला ह्याबद्दल मेसेज मात्र करू नयेत. मायनरला दारू पुरवल्याबद्दल त्या मित्रालाच एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तो स्वतःला वाचवायला काय सांगेल ह्याचा भरवसा नाही.

पहिल्या खेपेची शिक्षा वरवर किरकोळ वाटते: ५०० डॉलरपर्यंत दंड, ८ ते १२ तास समाजसेवा, दारूविषयक वर्ग, लायसन्स ३० दिवस बंद. कबुली न्यायाधीशांसमोर द्यावी लागते आणि तिथे मुलं घाबरून पटकन 'हो' म्हणतात. ते 'हो' म्हणजे दोषसिद्धी. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा दोषसिद्धीबद्दल विचारतात, तिथे लपवणं मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं. दारू बाळगणं अमली पदार्थांत मोडत नाही, हा दिलासा आहे. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये कित्येक विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदी किरकोळ प्रकरणांवरून रद्द झाल्या होत्या. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन त्या पूर्ववत झाल्या, पण मुलांचे ते दिवस कसे गेले असतील!

रानवारा
बरं झालं लिहिलंत, मला हे माहीत नव्हतं. अटी पाळल्या की केस काढून टाकतात, असंही ऐकलंय?

सांजवेळ
हो, निकाल लांबणीवर टाकून अटी पूर्ण झाल्यावर केस रद्द करतात. इथल्या मुलांसाठी चांगली सोय. पण त्यासाठी आधी गुन्हा मान्य केला असेल आणि काही बंधन घातलं असेल, तर इमिग्रेशनच्या कायद्यात ती दोषसिद्धीच धरली जाऊ शकते. म्हणून कबुलीआधी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाशीही बोलायला सांगा. २१ पूर्ण झाल्यावर, अशी एकच दोषसिद्धी असेल तर नोंद पुसायचा अर्ज करता येतो. त्याआधी कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती काढून घ्या, पुढे व्हिसावाले तेच मागतात.

मृद्गंध
खूप धीर आला. त्याच्या आई-बाबांना सांगू का?

सांजवेळ
सांगा. वकिलाची फी त्यांनाच भरावी लागेल. आणि एक त्याला आवर्जून सांगा: पार्टीत कुणी दारूने बेशुद्ध पडलं, तर तिकिटाच्या भीतीने फोन टाळू नको. मदतीसाठी पहिला फोन करणारा, तिथेच थांबणारा आणि सहकार्य करणारा मायनर असेल, तर टेक्सासचा कायदा त्याच्यावर बाळगल्याचा गुन्हा लावत नाही. तारीख कधीची आहे?

मृद्गंध
पुढच्या गुरुवारची. आत्ताच फोन लावते त्याला.