गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम: वाद्यं चार, वादक एक

सांस्कृतिक समिती: 🙏 शनिवारच्या कार्यक्रमाला सी-204 चे दादा तबला, पखवाज, ढोलकी, पेटी सगळं सांभाळणार आहेत. बाहेरचे वादक नकोत, तेवढाच खर्च वाचला. 14 गाण्यांची यादी टाकलीय.

ए-302: वाजवतात सगळं, पण हात दोनच ना 😄 पेटीवर बसले तर ठेका कोण धरणार? हिंदी सिनेसंगीतातले वादक केर्सी लॉर्ड अकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत काय काय वाजवायचे, तरी भोवती अख्खा वाद्यवृंद असायचाच.

सी-204: काकू बरोबर बोलल्या. पेटी बी-विंगच्या ताईंकडे द्या, मी तालवाद्यं बघतो. पण यादीत नुसतीच गाणी आहेत. प्रत्येकाची पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरून गाणार ते, आधी कळवा.

बी-101: माझी काळी पाच, पेटीची पाचवी काळी पट्टी.

सी-204: मग वेगळा तबला लागेल. माझा काळी एकचा आहे. तो काळी एकला षड्जात (सा), काळी तीनला पंचमात (प) आणि काळी चारला मध्यमात (म) चालतो. काळी पाचला कशातच बसत नाही. तिथे काळी दोनचा हवा, मध्यमात. माझाच तेवढा चढवत बसलो तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटायची.

ए-302: मध्यमातला जपून हं. यमन रागातलं गाणं असेल तर त्यात तीव्र मध्यम असतो, तबल्याचा शुद्ध मध्यम कानाला टोचतो.

सी-204: हो, म्हणून यमनवाल्यांनी काळी एक किंवा तीन घ्या.
आणि क्रम बदला. आत्ता अभंग, भावगीत, गोंधळ, परत अभंग असं आहे. दर गाण्याला वाद्य बदललं तर अर्धा कार्यक्रम सूर लावायच्या हातोडीच्या ठकठकीत जाईल. सगळे अभंग आधी, सलग. मग तबल्याची गाणी, ढोलकीची शेवटी. मध्ये दोनदाच बदल, तेव्हा निवेदकाने तीन-चार मिनिटं काढावीत.

ई-403: अभंग आधीच का? शेवटी रंगतात.

सी-204: पखवाजाच्या कणकेमुळे. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, ओली कणीक आयत्या वेळी थापतो, कमी-जास्त करून सूर खालच्या षड्जाला आणतो. पंख्याखाली तासभर राहिली की सुकते, सूर चढतो, कडा सुटतात. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. कुणीतरी अर्धी वाटी कणीक भिजवून ओल्या फडक्यात आणा. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल, तेल-मीठ नको. अभंग संपले की लगेच खरवडायची, रात्रभर राहिली तर उंदरांची मेजवानी.

बी-101: माइक किती सांगू?

सी-204: तालवाद्यांना चार. दोन तबला-डग्ग्यावर, वरून वीतभर अंतरावर. दोन आडवे, डाव्या-उजव्या बाजूला; त्यांच्यात आधी पखवाज, नंतर ढोलकी. डग्ग्याचा बेस साउंडवाल्याला कमीच ठेवायला सांगा, पार्किंगच्या छताखाली घुमतो.

सांस्कृतिक समिती: टाळ मुलांना देऊ का?

सी-204: द्या, पण दोघांनाच. सहा टाळ झाले की लय पळते आणि गाणाऱ्याचा दम तुटतो. त्या दोघांना गुरुवारी भजनी ठेक्यावर बसवतो.

डी-105: काळी दोनचा तबला आमच्याकडे आहे. शाई (मधला काळा गोल) कडेने थोडी उडालीय.

सी-204: कडेने उडाली असेल तर आस, म्हणजे नादाची लांबी, तुटकी येईल, झणझणही करेल. बुधवारपर्यंत आणा, वाजवून बघू. नाहीच जमलं तर त्याला नवी पुडी बसवून घेऊ.