प्लग तापतोय, कृपया बघा

ए-१०१: रात्री खाली गेले होते. लिफ्टजवळच्या सॉकेटला इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावलीय, प्लगला हात लावला तर चटका बसला. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, वायर गुंडाळलेली. कोणाची आहे, कृपया बघा 🙏

सी-५०३: माझी आहे काकू. म्हणूनच मागच्या मीटिंगपासून मागतोय, ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावू द्या. मी रात्री एकला येतो, सहाला निघतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तेवढ्या वेळात जेमतेम १६ युनिट जातात, बॅटरी ३० युनिटची आहे.

बी-२०२: दुप्पट वेगाने भरली तर बॅटरी लवकर बसते. आधीच सांगून ठेवतो.

बी-४०४: दादा, ७ किलोवॅटने बॅटरीला काही होत नाही. हायवेवरचे डीसी चार्जर ५०-६० किलोवॅट आणि त्याच्याही वर देतात, बॅटरी तापायचा प्रश्न तिथला. घरचं एसी चार्जिंग त्यापुढे निवांतच.

सेक्रेटरी: सहा गाड्या आहेत. सगळ्यांनी ७.२ मागितलं तर एका वेळी ४३ किलोवॅट. शिवाय पंप, लिफ्ट. वीज कंपनीकडून सोसायटीचा मंजूर लोड कोण वाढवून आणणार?

बी-१०३: लिफ्टला पण एक वॉलबॉक्स लावा, तेवढीच जरा लवकर येईल 😄

ए-३०२: लिफ्टचं राहू द्या. पार्किंगच्या पट्ट्या दोन वर्षं झाली, अजून मारल्या नाहीत. गाड्या चार्ज करायला पैसे आहेत, पट्ट्यांना नाहीत.

सेक्रेटरी: ताई, पट्ट्यांचा ठराव तुमच्याच विरोधामुळे अडला होता. विषय सोडू नका, विनंती.

ए-१०१: प्लगला हात लावला तर चटका बसला. कृपया बघा 🙏

बी-४०४: सी-५०३, तुमच्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे? भिंतीवरचा डबा नुसती वीज पुरवतो, त्या एसीचं बॅटरीला लागणारं डीसी गाडीच्या आत, ऑनबोर्ड चार्जरमध्ये होतं. ऑनबोर्ड ३.३ चा असेल तर वर ७.२ चा डबा लावून एक मिनिटही वाचणार नाही. बाकी आपलं रोजचं ४० किलोमीटर, म्हणजे ६ युनिटच्या आसपास. साध्या सॉकेटवर दोन तासांचं काम.

सी-५०३: तुमचं ४० असेल, माझं दीडशे आहे सर.

बी-२०२: म्हणून सगळ्यांनी लोड वाढवायचा?

ए-१०१: प्लगला हात लावला तर चटका बसला. कृपया बघा 🙏 तिसऱ्यांदा लिहितेय. शेजारीच मुलांच्या सायकली असतात.

बी-४०४: काकू, चुकलंच आमचं. अशाच सॉकेटवर गीझर चालतो, पण तो थोड्या वेळात बंद होतो, गाडी तासन् तास पूर्ण करंट ओढते. पिन सैल असेल, वायर बारीक असेल तर तापणारच, आणि गुंडाळलेल्या वायरमध्ये उष्णता कोंडते. खाली जातोय.

बी-४०४: सॉकेट एका बाजूने काळं पडलंय, आतली पकड सैल आहे. एमसीबी बंद केला. फोटो टाकलाय. कोणीही चालू करू नका.

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला फोन केला. संध्याकाळी येतोय.

बी-४०४: मीटरपासून जाड वायरची स्वतंत्र लाइन, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि अर्थिंग मोजून. एक्स्टेन्शन बंद म्हणजे बंद.

सी-५०३: गाडीचं पुस्तक काढलं. ऑनबोर्ड ३.३ चाच आहे. वॉलबॉक्सचा अर्ज मागे घेतो. काकू, सॉरी.

ए-१०१: सायकली मी सध्या आमच्या दारापाशी आणून ठेवल्यात.