दोन दिवस दिवेआगरला: गाडी उभी ठेवायची की चालवत राहायची?

पायवाट

गेल्या शनिवारी आम्ही दोघं दिवेआगरला गेलो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दुपारी पोचलो, वाडीत गाडी लावली आणि रविवारचं जेवण होईपर्यंत किल्लीला हात लावला नाही. सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न: "म्हणजे श्रीवर्धन, हरिहरेश्वर नाही केलंत?"

हे "केलं" मला मनापासून खटकतं. दीड दिवसात तीन गावं, शिवाय जमलं तर खाडीपलीकडचं वेळास. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, फोटो, चला पुढे. त्याला सुट्टी का म्हणायचं?

आम्ही पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूत बारीक बिळं आणि प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. पाऊल वाजलं की खेकडा आत. हलायचं नाही असं ठरवून बसलो, तेव्हा कुठे तो बाहेर आला आणि एकेक गोळी करून बाजूला ठेवू लागला. अर्धा तास तेच बघत होतो. दुपारी तुपाची धार सोडलेले उकडीचे मोदक आणि मग झोप. माझं स्पष्ट मत आहे, दोन दिवसांच्या सुट्टीत गाडी फक्त जाण्यायेण्यापुरती चालवावी.

घाटमाथा

अजिबात सहमत नाही. ठिकाणं उरकणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं, तुम्ही दोन्ही एकाच मापाने मोजताय.

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता वीसेक किलोमीटरचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळा खडक आणि थेट समुद्र. एसी बंद, काचा खाली, वेग चाळीसच्या आत. भरडखोलला सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, पुढचं वळण घेतलं की अख्खी खाडी समोर उघडते. आठवडाभर शहरात क्लच दाबून पाय दुखतो, तोच पाय या रस्त्यावर मोकळा होतो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून सावित्रीची खाडी ओलांडताना माझी मुलगी कठडा धरून उभी राहते. तिला किनाऱ्यापेक्षा ती दहा-पंधरा मिनिटं जास्त आठवतात. मी हे सोडून एका वाडीत का बसू?

आईबरोबर

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. वाळूत तिला चार पावलंही टाकता येत नाहीत. आरावीच्या जरा अलीकडे समुद्राकडे तोंड करून गाडी लावली, दार उघडं ठेवलं, थर्मासमधला चहा दिला. दोन तास तिथेच होतो. होड्या परतताना बघून ती तिच्या आजोळच्या, मुरुडच्या गोष्टी सांगत होती. त्यातल्या कितीतरी मी पहिल्यांदा ऐकल्या. गाडी नसती तर तिला समुद्र दिसलाच नसता. चालता येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून नियम सांगावेत.

पायवाट

आईंबद्दलचं मान्य, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तुम्ही दोन तास एका जागी थांबलात, मीही तेच म्हणतेय.

घाटमाथा, तुमच्याशी वाद आहेच. तुमचा रस्ता सुंदर आहे, पण तो संपला की तुम्ही हरिहरेश्वरला ज्या वेळी पोचाल, तीच तुमची प्रदक्षिणेची वेळ. काळभैरवाच्या देवळामागून चढायचं, मग कड्याच्या चिरेतल्या अरुंद पायऱ्यांनी थेट लाटांपाशी उतरायचं. पुढे जाळीसारख्या खाल्लेल्या खडकावरून वळसा. भरतीला तिथे पाणी चढतं. मागच्या वर्षी एक कुटुंब "एवढ्या लांबून आलोय" म्हणत भरतीतच उतरताना मी पाहिलंय, लहान मूल कडेवर. मुक्कामाला असते तर उद्या सकाळी गेले असते.

पोफळीची वाडी

मी इथलाच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या आगरातल्या बहुतेक पोफळी काही तासांत मोडून पडल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ही इथल्या घराघराची कमाई. नवं रोप लावलं तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. मधल्या काळात पाहुण्यांच्या दोन खोल्यांनी घर चालवलं. म्हणून राहणारा माणूस आम्हाला हवाच. तो दोन वेळा जेवतो, निघताना आमसुलं, सुपारी नेतो.

पण ताई, सगळ्यांनी दिवेआगरलाच गाड्या लावल्या तर शेखाडी-आरावीच्या रस्त्याकडेला सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे कोण थांबणार? त्यांच्याकडे खोल्या नाहीत. त्यांना थांबणारी गाडीच हवी.

माझी खरी तक्रार किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांबद्दल आहे. हिवाळ्यात दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. टायरखाली काय जातं ते वरून दिसत नाही. रुतलेली गाडी भरतीच्या आत ओढून काढायला शेवटी गावातलाच ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

घाटमाथा

वाळूत गाडी घालणाऱ्यांना माझा कधीच पाठिंबा नव्हता आणि नसेल. रस्त्यावरचं माझं मत मात्र तेच आहे. प्रदक्षिणेचं पटलं, आम्हीही दोनदा वरूनच बघून परतलो होतो. वेळ कशी काढायची?

पोफळीची वाडी

तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी आठ-साडेआठला देवळापाशी या. अंदाज थोडा मागेपुढे होतो, म्हणून उतरण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा. पावसाळ्यात मात्र उतरूच नका.

घाटमाथा

मग शुक्रवारी रात्रीच निघतो. रस्ता शनिवारी दुपारी, प्रदक्षिणा रविवारी सकाळी.