किडनी प्रत्यारोपणाच्या छेदावरचा हर्निया: दुर्बिणीतून करताना जाळीची खालची कड कुठे बसवायची?

निपाणीचा सर्जन
खानापूरकडचा पेशंट, वय ५०. प्रत्यारोपणाला ३ वर्षं झाली. किडनी उजव्या इलियाक फोसात (ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यात), त्याच छेदावर हर्निया, डिफेक्ट (स्नायूतलं भोक) ७ × ६ सेंमी. क्रिएटिनिन १.३ वर स्थिर. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, एव्हरोलिमस, प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ चालू. आयपॉम (दुर्बिणीतून पोटाच्या आतल्या बाजूने जाळी लावणं) करायचा विचार आहे. पण खाली डिफेक्टच्या कडेपलीकडे ५ सेंमी ओव्हरलॅप घ्यायचा म्हटलं की जाळी थेट किडनीवर येते. फिक्सेशन कुठे करावं?

दुर्बीणवाला, बेळगाव
सर, आधी प्लेन सीटी. या छेदात नस दुखावली की नुसती कूस फुगते, डिफेक्ट नसतोच. तिथे आयपॉमचा उपयोग नाही.

डिफेक्ट असेलच तर पोर्ट सगळे डावीकडे, पहिला डाव्या बरगडीखाली. किडनीची कड आदल्या दिवशी सोनोग्राफीने बघून कातडीवर पेनाने आखून ठेवा. पोट फुगवल्यावर अंदाज चुकतो. कॅथेटरमधून २०० मिली सलाईन सोडून मूत्राशय फुगवून घ्या. नवी युरेटर (मूत्रनलिका) बहुधा त्याच्या घुमटावर जोडलेली असते, म्हणून त्या बाजूला पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) सोलत बसू नका.

टॅक (जाळी अडकवायच्या बारीक पिना) आणि आरपार टाके जाळीच्या वरच्या कडेला, मधल्या रेषेकडे आणि इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाच्या कडेच्या) वर. किडनी, युरेटर, इलियाक रक्तवाहिन्यांवर एकही टॅक नको, तिथे कड नुसती पदरासारखी सोडायची, फार तर फायब्रिन ग्लू. डिफेक्ट टाक्यांनी बंद केला नाही तर ही सुटी कड आत ओढली जाते. डिफेक्ट हाडाला अगदी भिडला असेल तर दुर्बिणीचा हट्ट सोडा, उघडून पेरिटोनियमबाहेर जाळी घाला.

निपाणीचा सर्जन
२० × १५ ची जाळी चालेल?

दुर्बीणवाला, बेळगाव
नाही. डिफेक्टचे ६ अधिक दोन्हीकडचे ५-५ असे १०, म्हणजे १६. रुंदीत सेंटिमीटर कमी पडतो. डिफेक्ट बंद केला तरी माप मूळ डिफेक्टवरूनच धरायचं.

भूलतज्ज्ञ, चिकोडी
एव्हरोलिमसवर असताना जखम नीट भरत नाही, सेरोमाही (जखमेत साचणारं पाणी) जास्त. नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून ४ ते ६ आठवडे आधी त्याऐवजी मायकोफेनोलेट घ्या. जखम पूर्ण भरेपर्यंत परत सुरू नको. टॅक्रोलिमस ऑपरेशनच्या सकाळीही वेळेवर, घोटभर पाण्याबरोबर. लेव्हलचं रक्त मात्र गोळीच्या आधी.

पोटातल्या गॅसचा दाब १० ते १२ मिमी एचजी, पेशंट कोरडा पडू देऊ नका. डायलिसिसच्या फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको. वेदनेला पॅरासिटामॉल, लागलं तर ट्रॅमाडॉल. डायक्लोफिनॅक, कीटोरोलॅक बंद. डिस्चार्ज कार्डावर हे मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक लिहा, कारण गावी गेल्यावर कंबर दुखली की मेडिकलमधून पहिली तीच गोळी मिळते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोलही लिहा, दोन्हींनी टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.

दुर्बीणवाला, बेळगाव
मॅडमच्या मुद्द्याला जोडून: सेरोमा दिसला म्हणून लगेच सुई घालू नका. प्रतिकारशक्ती दाबलेल्या पेशंटमध्ये त्या सुईबरोबर जाळीपर्यंत जंतू जातात. ताप नाही, लाली नाही, तर वाट बघा. पोटपट्टा किडनीवर आवळून बांधू नका.