कर्नलनं प्रोग्रॅमसोबत मेमरी पेज शेअर करावं का?

सीताबर्डीकर
परवा धरमपेठेत आम्ही काही सिस्टिम्सवाले चहाला बसलो होतो. बहुतेकांचं म्हणणं पडलं की फाइल वाचायच्या-लिहायच्या रीड-राईट कॉलचे दिवस गेले, आता सगळं एममॅप (फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत दिसते) आणि आयओ-युरिंगवर (कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि प्रोग्रॅम दोघांना दिसणाऱ्या मेमरीतल्या रांगांमधून कामं देणं) न्या. मला हे अजिबात पटत नाही. रीड कॉलमध्ये कर्नल पेज कॅशमधला (फाइलचा मेमरीत ठेवलेला) डेटा तुमच्या बफरमध्ये कॉपी करतो, राईटमध्ये उलट. ही कॉपी म्हणजे सीमा आहे. प्रोग्रॅमनं दिलेला आकडा कर्नलनं आधी स्वतःकडे उतरवून मग तपासला, तर नंतर प्रोग्रॅमनं तो बदलला तरी बिघडत नाही. शेअर केलेल्या पेजवर (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) मात्र तपासणी झाल्यावर आणि वापर होण्याआधी प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड तो बदलू शकतो.

मिहानवाला
भाऊ, मग व्हीडीएसओला काऊन विसरून राहिले? कर्नल घड्याळाचा डेटा एका पेजवर ठेवतो, ते पेज प्रोसेसला फक्त वाचायला मिळतं, आणि सिस्टिम कॉल (कर्नलला मारलेली हाक) न करता वेळ कळते. हेच व्हीडीएसओ. वाचता वाचता अपडेट झालं तर सिक्वेन्स काउंटर (प्रत्येक अपडेटला वाढणारा आकडा) बदललेला दिसतो, मग वाचणारा पुन्हा वाचतो. यात सीमा कुठं मोडली ते दाखवा.

सीताबर्डीकर
तिथं नाही मोडली, कारण लिहिणारा एकटा कर्नल आहे. माझा विरोध दोन्हीकडून लिहिल्या जाणाऱ्या पेजला आहे.

प्रतापनगर
मग आयओ-युरिंग नीट पाहा. लिनक्स ५.१ मध्ये, २०१९ साली आलं. पेज दोघांचं असलं तरी सबमिशन रिंगचं, म्हणजे कामं टाकायच्या गोल रांगेचं, टेल (नवी नोंद जिथं पडते ते टोक) फक्त प्रोग्रॅम पुढं सरकवतो आणि हेड (नोंद जिथून उचलतात ते टोक) फक्त कर्नल. कम्प्लिशन रिंगमध्ये, म्हणजे निकालांच्या रांगेत, नेमकं उलट. प्रत्येक काउंटरला लिहिणारा एकच. रिंगमधली नोंद प्रोग्रॅमच्या हातात असते हे खरं, पण कर्नल तिच्यातली किंमत एकदाच उचलतो आणि तपासणी त्या उचललेल्या किमतीवर करतो. तुम्ही मागता ती कॉपी इथंही होतेच, फक्त छोटी.

सीताबर्डीकर
कागदावर छान आहे. २०२३ साली गूगलनं सांगितलं की कर्नलमधले दोष शोधणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या ६० टक्के एक्स्प्लॉइटनी (दोष वापरून केलेल्या हल्ल्यांनी) आयओ-युरिंगच वापरलं. त्यांनी ते क्रोमओएसमध्ये आणि स्वतःच्या सर्व्हरवर बंद केलं.

प्रतापनगर
त्यातले मी वाचलेले बग फ्री झालेलं ऑब्जेक्ट (सोडून दिलेली मेमरी) पुन्हा वापरल्याचे होते. त्याचा दोष शेअर पेजवर टाकू नका.

अंबाझरी
मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या दोषाचा विषय कोणीच काढला नाही. तोवर कर्नलची पेजेस प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या पेजवर जातो ती यादी) मॅप केलेली असत, परवानगीचा एक बिट तेवढा आड. जानेवारी २०१८ मध्ये कळलं की इंटेलचे बरेच प्रोसेसर तो बिट तपासून होण्याआधीच अंदाजानं पुढं वाचतात. म्हणून कर्नलची आणि प्रोग्रॅमची पेज टेबल वेगळी करावी लागली, आणि जाता-येता टेबल बदलावं लागत असल्यानं प्रत्येक सिस्टिम कॉल महागला. सीमा पक्की करायची तर ही किंमत मोजावीच लागते, आणि तीच किंमत टाळायला लोक रिंगकडे वळतात. सीताबर्डीकर, कॉपीचा आग्रह धरताना ही बाजू सोडू नका.

एममॅपवर मात्र मी तुमच्याच बाजूला. फाइल मधेच कोणी ट्रंकेट केली (कापून लहान केली) किंवा डिस्कनं एरर दिला, तर रीड सरळ सांगतो. एममॅपमध्ये साध्या व्हेरिएबलला हात लावताना सिगबस (त्या जागची मेमरी मिळत नाही असा कर्नलचा सिग्नल) येऊन प्रोसेस मरते.

मिहानवाला
सिगबस पकडता येतो, भाऊ. न बदलणारी, रॅममध्ये मावणारी इंडेक्स फाइल असेल आणि वीस प्रोसेस ती वाचत असतील, तर एममॅपनं तीच भौतिक पेजेस सगळ्यांना मिळतात. रीडनं वीस कॉपी होतील. तिथं मी एममॅपच लावणार.